हाताने शिवलेल्या वह्यांसाठी ब्रँडिंग सर्व्हिस घेतली, सहा महिने वापरून मगच रिव्ह्यू लिहितेय

मी हाताने वह्या शिवते. पुठ्ठा कापणं, कागदाचे जुज (एकात एक घातलेल्या पानांचे छोटे गठ्ठे) दुमडणं, आरीने भोकं पाडणं, दोऱ्याला मेण लावून शिवणं, सगळं एकटीच करते आणि तीन वर्षं विकतेय. वह्या आवडल्या म्हणणारे खूप भेटले पण परत मागवायची वेळ आली की कुणाला नावच आठवायचं नाही, लोकांच्या फोनमध्ये मी "वहीवाली" म्हणून सेव्ह. शेवटी एका छोट्या डिझाइन स्टुडिओची ब्रँडिंग सर्व्हिस घेतली. स्टुडिओचं नाव लिहीत नाहीये, कारण काही तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी सांगितल्यावर निस्तरल्यापण.

पॅकेजमध्ये लोगो, रंग, फॉन्ट, टॅग आणि वहीभोवतीच्या पट्टीचं डिझाइन, शिक्क्याची फाइल, अर्ध्या पानाची ब्रँड स्टोरी आणि फोटो कसे काढायचे याची दोन पानं. तीन वेळा बदल करून मिळणार होते. तीन आठवड्यांत देतो म्हणाले, पाच लागले.

आधी मनापासून आवडलेली गोष्ट सांगते. मला वाटलेलं पहिल्याच कॉलमध्ये आवडता रंग कोणता, कसला लोगो हवा असं विचारतील. तसलं काहीच नाही. त्यांनी सांगितलं की गिऱ्हाइकांचे शेवटचे वीस मेसेज जसेच्या तसे पाठवा, एक अक्षर बदलू नका, आणि कुणी वही परत केली असेल तर तोही मेसेज पाठवा. मी पाठवले. दोन दिवसांनी त्यांनी तेच मेसेज मला परत पाठवले, काही ओळींवर पिवळा रंग मारलेला. वीसपैकी तेरा जणांनी आपापल्या शब्दांत एकच लिहिलं होतं, वही टेबलावर पूर्ण सपाट उघडते, हाताने दाबून धरावी लागत नाही. कव्हरच्या कापडाबद्दल फक्त दोघं बोलले होते. आणि मी तीन वर्षं प्रत्येक पोस्टमध्ये कव्हरच दाखवत होते!

वही सपाट उघडते कारण मी कॉप्टिक शिवण घालते. त्यात पाठीला गोंद नसतो, प्रत्येक जुज मागच्या जुजाला साखळीच्या टाक्याने जोडलेला असतो, म्हणून कुठलंही पान उघडा, मधल्या घडीपर्यंत लिहिता येतं. मला हे इतकं सवयीचं झालेलं की सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं. आता टॅगवर नावाखाली एवढंच आहे, "पूर्ण उघडणारी वही". पहिला फोटोपण उघड्या वहीचा, बाजूने खिडकीचा उजेड घेऊन, म्हणजे पाठीवरचे टाके उठून दिसतात. पैसे वसूल झाले ते इथेच.

नावाच्या बाबतीतही त्यांनी नीट सांभाळून घेतलं. मला दोन शब्दांचं मोठं नाव हवं होतं, ते म्हणाले मोजून बघा, एट्सीवर (हाताने बनवलेल्या वस्तू विकायची वेबसाइट) दुकानाचं नाव जास्तीत जास्त २० अक्षरांचं आणि मध्ये स्पेस चालत नाही, इन्स्टाग्रामचं युजरनेम ३० पर्यंत. माझं नाव २६ वर जात होतं, म्हणजे दोन ठिकाणी दोन नावं ठेवावी लागली असती. छोटं केलं. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला परत विचारावं लागत नाही असं नाव आहे आता.

आता तक्रारी. पहिल्यांदा लोगो आला तो फक्त जेपीजीमध्ये, मागे पांढरा चौकोन. आपल्याला वाटतं स्क्रीनवर छान दिसतोय म्हणजे झालं, पण मोठा छापला की कडा फाटतात आणि रंगीत कागदावर तो पांढरा चौकोन तसाच येतो. एसव्हीजी किंवा पीडीएफमधली व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, ती मागा, मागची बाजू पारदर्शक असलेली पीएनजी मागा, आणि निव्वळ काळ्या रंगातला लोगो वेगळा मागा. मला हे सगळं मागितल्यावर मिळालं, न मागता मिळायला हवं होतं.

मग शिक्का. लोगोत दोऱ्याची एक नाजूक रेघ होती, स्क्रीनवर फार सुंदर दिसायची, त्यावरूनच तर मी लोगो पसंत केलेला. रबरी शिक्का बनवून आणला, क्राफ्ट पेपरच्या (तपकिरी जाड कागदाच्या) टॅगवर मारला आणि उचलला तर दोऱ्याची रेघ अर्धी गायब, अक्षरांच्या पोटात शाई भरून तिथे काळे ठिपके. दहा टॅग मारले, शाई कमी करून बघितली, हलक्या हाताने मारून बघितला, तेच. क्राफ्ट पेपर शाई पितो आणि रेघ बारीक असेल तर रबर तिथे दबतं. हाताने वस्तू बनवणाऱ्यांचा लोगो सगळ्यात जास्त शिक्क्यावर, टॅगवर आणि कापडी लेबलवरच जातो ना, मग मोबाइलवर बघून पसंत करायचाच कशाला? घरच्या प्रिंटरवर बोटाच्या पेराएवढा छापून बघा आणि मगच हो म्हणा, हे मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

रंगाचंही तसंच झालं. निळ्याची जी छटा पसंत केली ती छापून आल्यावर जांभळट दिसायला लागली. स्क्रीन आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून रंग दाखवते, छपाई सीएमवायकेत, म्हणजे चार रंगांच्या शाईत होते आणि गडद निळा त्यात हमखास फसतो. शिवाय क्राफ्ट पेपरवर छापाल तर कागदाचा तपकिरी रंग शाईतून वर येतो, फिकट रंग मळल्यासारखे दिसतात. त्यांनी नंतर पॅन्टोनचा नंबर काढून दिला, ही रंगांना नंबर द्यायची पद्धत १९६३ पासून आहे, तो नंबर छापणाऱ्याला सांगितला की बोलण्यात घोळ होत नाही. क्राफ्ट पेपरवर मात्र मी आता फक्त काळा वापरते.

सगळ्यात जास्त राग आला तो ® चिन्हाचा. लोगोच्या कोपऱ्यात त्यांनी ते सरळ टाकून दिलेलं, विचारलं तर म्हणे प्रोफेशनल दिसतं. अहो, ट्रेडमार्क रजिस्टर झाल्याशिवाय ते लावायचं नसतं, कितीतरी देशांत तो गुन्हा आहे! अर्ज केलेला नसेल तरी ™ चालतं. नाव दुसऱ्या कुणाचं आहे का हेही त्यांनी शोधलं नव्हतं. मीच वायपोच्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या) ग्लोबल ब्रँड डेटाबेसवर बसून शोधलं, फुकट आहे ते. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग असतात, वह्या-कागद १६ मध्ये, दागिने १४, साबण ३, मेणबत्त्या ४, आपला वर्ग धरून शोधायचं. एका संध्याकाळचं काम आहे, पण ते नाव ठरवायच्या आधी करा, मी लोगो झाल्यावर केलं आणि ते दोन तास जीव नुसता टांगणीला लागला होता. नशिबाने नाव मोकळं निघालं.

फॉन्टचं लायसन्सपण विचारा. माझ्या लोगोतला पहिला फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट होता. विचारल्यावर त्यांनी ओपन फॉन्ट लायसन्सवाला दुसरा लावून दिला, तो धंद्यासाठी वापरता येतो.

ब्रँड स्टोरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्यावरून आमचं बरंच बोलणं झालं. पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं की ही कला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. आमच्या घरात कुणीही वही शिवलेली नाही! मी व्हिडिओ बघून शिकले, पहिल्या पाच वह्या उसवल्या, सहावी जमली. कॉप्टिक शिवण स्वतः इजिप्तमधल्या जुन्या ख्रिश्चन लोकांची, दीड हजार वर्षांहून जुनी आहे, तेवढं खरं सांगितलं तरी पुरे. लिहिणारी मुलगी समजूतदार होती, तिने ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं की सहाव्या वहीत वेगळं काय केलंत. मी सांगितलं की दोरा ओढताना वरच्या दिशेने न ओढता पाठीला समांतर ओढला, म्हणून कागद फाटला नाही. तेच वाक्य आता स्टोरीत आहे आणि लोक मेसेज करून त्याबद्दलच विचारतात. खोटी आजी उभी केली असती तर कुणी काय विचारलं असतं?

सहा महिन्यांत ऑर्डरी एकदम दुप्पट वगैरे झाल्या नाहीत. पण परत येणारे लोक नावाने शोधत येतात आणि "सपाट उघडते तीच ना?" असं विचारतात. आणि किमतीवर घासाघीस कमी झाली, ती टॅगमुळे की फोटोंमुळे ते नाही सांगता येणार.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो फाइल्स आणि त्या ® साठी. परत घेईन का, तर हो, याच लोकांकडून घेईन, फक्त या वेळी फाइल्सची यादी आधी लिहून देईन. शिक्क्यासाठी त्यांनी दोऱ्याची रेघ जाड करून आणि अक्षरं मोकळी करून नवी फाइल दिली, वेगळे पैसे न घेता. तो शिक्का परवा आला. रात्री बसून चाळीस टॅग मारले, एकाही अक्षराच्या पोटात शाई भरली नाही, दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा उमटला.