सप्लाय चेनचा सहा महिन्यांचा कोर्स: पैसे वसूल झाले का?

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत माल गोळा करणं, प्रतवारी आणि गाड्या लावणं मी बघते. 2024 च्या जूनपासून नाशिकच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शनिवार-रविवारचा हा कोर्स केला. फी 38 हजार. आमच्या भागातले बरेच जण विचारतायत, म्हणून लिहिते.

शिकवणं चांगलं आहे. साठ्याचं गणित, गाडीचा मार्ग ठरवणं, कुठला माल किती दिवस धरायचा हे सरांनी फळ्यावर सोडवून दाखवलं. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात तयार झालेला 'बीअर गेम', म्हणजे मालाची साखळी चालवून बघायचा खेळ, आम्ही चौघाचौघांनी खेळलो. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. गिऱ्हाईक थोडंसं वाढलं की मागे मागे ऑर्डर फुगत जाते आणि शेवटी कारखान्यात पेट्यांचा ढीग पडतो. मी सरांना विचारलं, कारखान्याच्या जागी उन्हाळ कांदा ठेवला तर? डिसेंबर-जानेवारीत लागवड झाली की एप्रिलमध्ये जे निघेल ते निघेल, मधे ऑर्डर वाढवता येत नाही. पुढचा पाऊण तास त्यावरच गेला. कोर्समधला माझा सगळ्यात आवडता तास तो.

पण नोट्समधली उदाहरणं मोटारी आणि परदेशी सुपरमार्केटची. मागणीचा अंदाज बांधायचा तर मागच्या वर्षांची विक्री घ्या, म्हणे. आमच्याकडे ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली, मे 2024 मध्ये उठली तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर लावून. एका रात्रीत बाजार फिरतो. पुस्तकातल्या सूत्रात याला जागाच नाही, आणि आपल्या देशात संशोधन व्हायला हवं ते नेमकं इथे.

वाचायला दिलेले भारतीय शोधनिबंध बघून मला खरंच वाईट वाटलं. बहुतेकांत तेच: अडथळ्यांची यादी करायची, तज्ज्ञांकडून 1 ते 5 गुण भरून घ्यायचे, बाणांची आकृती काढायची. 'शीतगृहांचा अभाव' वरच्या चौकटीत, 'पायाभूत सुविधा' खालच्या. कांदा कुठे, कधी, किती सडला हे त्यांत कुणी तोलून बघितलेलं नाही. माझ्या गटातल्या मुलांनीही प्रकल्पासाठी गूगल फॉर्मच फिरवला. राजगुरुनगरला कांदा-लसणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, साठवणुकीवर तिथे काम झालंय, पण तिचं नाव सहा महिन्यांत वर्गात एकदाही निघालं नाही.

मी फॉर्म न काढता वजनकाटा घेतला. आमच्या कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, 20-20 किलोच्या बारा जाळीदार पिशव्या ठेवल्या. सहांत पात कापताना इंचभर मान ठेवलेला कांदा, सहांत अगदी गळ्याशी कापलेला. दर सोमवारी सकाळी वजन करायचं, सडका आणि कोंब आलेला निवडून वेगळा तोलायचा. ऑगस्टमधल्या दमट आठवड्यात गळ्याशी कापलेल्या पिशव्यांना हात लावला की बोटं ओली व्हायची, आणि वास दिवसभर जात नसे. ऑक्टोबरात मान ठेवलेल्यांत सरासरी साडेपंधरा किलो चांगला कांदा उरला, दुसऱ्यांत बारा. बारा पिशव्यांवरून नियम मांडता येत नाही, हे मीही लिहिलं. पण यंदा कापणीला आलेल्या बायांना मी ते आकडे दाखवले, आणि मान ठेवून कापलेल्या क्विंटलला आम्ही मजुरी थोडी जास्त देतो.

सरांनी अहवाल ओळन् ओळ वाचला, दोनदा परत पाठवला. ही मेहनत फीमध्ये धरलेली नव्हती, त्यांनी मनापासून केली.

तर, नोकरीसाठी नुसतं प्रमाणपत्र हवं असेल तर 38 हजार जास्त आहेत. स्वतःचा माल हाताखाली असेल तर जरूर जा. फक्त बॅच जूनमध्ये सुरू होते आणि चाळी मेमध्येच भरलेल्या असतात. मला तळाच्या थरापर्यंत पोचताच आलं नाही, पिशव्या वर आणि कडेलाच ठेवाव्या लागल्या. तुम्ही एप्रिलमध्ये चाळ भरतानाच तळाशी, मधे आणि वर पिशव्या घाला. प्रवेश नंतर घ्या.