हिवाळी टायर: एका मोसमाच्या वापरानंतर

पारा शून्याखाली असलेल्या एका सकाळी जुना उन्हाळी टायर आणि हा नवा हिवाळी टायर शेजारी ठेवून दोन्हींवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले. जुन्याचे रबर लाकडासारखे ताठर लागले, नव्याचे मात्र किंचित दबले. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरची पकड सुटते. हिवाळी टायरचे मिश्रण मात्र थंडीतही मऊ राहील असेच केलेले असते. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर पात्याने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा आहेत, ज्यांच्या कडा बर्फात रुततात.

दाबून घट्ट झालेल्या बर्फावर या टायरने पूर्ण समाधान दिले. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबली, आणि वळणावर स्टिअरिंगचे ऐकले. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. थांबणे शेवटी टायरवरच अवलंबून असते, हे अनेक चालक विसरतात आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

मात्र काळ्या बर्फावर, म्हणजे रस्त्यावर सहज न दिसणाऱ्या बर्फाच्या पातळ थरावर, या टायरचीही मर्यादा दिसली. खालून वारा लागल्याने पूल रस्त्याच्या आधी गोठतात. अशाच एका पुलावर, ओलसर दिसणाऱ्या पारदर्शक थरावरून, वेग कमी असूनही गाडी हातभर घसरली. शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तिथे अंतर राखणे आणि वेग उतरवणे याला पर्याय नाही.

कोरड्या रस्त्यावर आवाज जाणवतो, आणि ऊन वाढल्यावर गाडी थोडी सैल वाटते. उन्हाळ्यात हेच टायर ठेवल्यास ते लवकर झिजतात आणि थांबण्याचे अंतरही वाढते, म्हणून ते वेळेवर उतरवावेत.

घेताना बाजूवर तीन शिखरे आणि हिमकण असलेले चिन्ह पाहावे. नुसती ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत. चारही टायर एकदमच बदलावेत, कारण पुढे पकड आणि मागे घसरण असली की गाडी गिरकी घेते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरपर्यंत उतरली, की कायद्याची मर्यादा त्याहून कमी असली तरी, मी हा संच बदलणार आहे.