पेंटबॉल गनवर रेग्युलेटर बसवून घेतला, हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांकडून (४/५)

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण काकांनीच बजावून सांगितलं की "नाव-गिव नको टाकू भाऊ, लोकं येतात, अर्धा घंटा डोकं खातात आन् काम देतच नाहीत". एमआयडीसीत आतल्या रस्त्याला पत्र्याचं शेड आहे, दोन लेथ, एक जुनं मिलिंग, एक ड्रिल आणि एक पोरगा जो दिवसभर चहा आणतो नाहीतर चिप्स झाडतो. बाहेर बोर्ड आहे पण त्याच्यासमोर कायम कोणाचा तरी छोटा हत्ती उभा असतो, त्यामुळे दिसत नाही.

आता काम काय होतं ते. माझ्या दोस्ताचं अमरावती रोडकडे पेंटबॉलचं (एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायचा खेळ) छोटं मैदान आहे, वाढदिवस, कंपनीवाल्यांच्या टीम, कॉलेजची पोरं वगैरे येतात, आणि तिथल्या गन मी सांभाळतो. मार्कर म्हणायचं असतं खरं म्हणजे, पण इथं कोणी म्हणत नाही. साध्या ब्लोबॅकवाल्या (गॅसच्याच धक्क्यानं बोल्ट मागं जाऊन परत कॉक होतो) सेमी-ऑटो (एका ट्रिगरला एक गोळी) आहेत, .६८ कॅलिबरच्या, म्हणजे गोळी सतरा मिलिमीटरच्या वर, आणि चालतात सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडवर. आणि नागपुरात सीओटूवर गन चालवणं म्हणजे काय ते ज्यानं मे महिन्यात केलं त्यालाच कळतं.

सीओटूचा प्रेशर तापमानावर असतो. २१-२२ डिग्रीला टाकीत साधारण ८५० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), आणि ३१ डिग्रीच्या वर गेलं की त्याचं लिक्विड राहतच नाही, तो जो क्रिटिकल पॉइंट म्हणतात तो तिथं आहे, प्रेशर तिथंच १०७० च्या आसपास, आणि त्याच्यापुढे टाकी जितकी भरली तितका वर. आपल्याकडे ३१ तर मार्चात सकाळी अकराला होतं! सकाळी आठला क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) गन २७० फूट पर सेकंद दाखवते, आम्ही खूश, आणि बारा वाजता तीच गन ३१० च्या वर. जगभर मैदानात ३०० ची मर्यादा धरतात आणि आम्ही २८० च्या वर कोणाला सोडत नाही, कारण ती गोळी मांडीवर लागली की आठ दिवस निळं राहतं. मग काय, व्हेलॉसिटीचा स्क्रू सकाळी पिळा, दुपारी परत पिळा, संध्याकाळी ढग आले की गन खोकायला लागते म्हणून उलटा पिळा. कंटाळलो.

उपाय एकच, मध्ये रेग्युलेटर टाकायचा. आत एक पिस्टन आणि स्प्रिंग असते, पुढचा प्रेशर सेट केलेल्या आकड्याला पोचला की पिस्टन सरकून वाट बंद करतो, गोळी सुटली प्रेशर पडला की परत उघडतो, मागे टाकीत ९०० असो का १२००, पुढे तेवढाच. सीओटूला चालणारा एक उभा रेग्युलेटर सेकंडहँड मिळाला (सगळे चालत नाहीत, काही फक्त हवेचे असतात, घेताना पाहून घ्या). पण आमच्या गनला तो लावायला जागाच नाही. पुढच्या मुठीच्या जागी एक अॅल्युमिनियमचा ब्लॉक लागतो, ज्याच्यात खालून रेग्युलेटर फिरेल आणि बाजूनं होज निघेल. तयार मिळत असेल कुठं तरी, आमच्या गनच्या मापाचा मला मिळाला नाही.

काकांच्या आधी मी शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो. त्यानं होजचं फिटिंग हातात घेतलं, म्हणाला एक सुती (इंचाचा आठवा भाग) आहे, ब्लॉकला टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारला, शंभर रुपये द्या. घरी येऊन पाहतो तर फिटिंग दीड आटा जाऊन फसलं, टेफलॉन गुंडाळला तरी साबणाच्या पाण्यात बुडबुडेच बुडबुडे. त्यानं बीएसपी (आपल्या नळांचे ब्रिटिश आटे) मारला होता आणि फिटिंग एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे). एक सुती बीएसपी २८ आट्यांचा असतो इंचाला आणि आट्याचा कोन ५५ डिग्रीचा, एनपीटी २७ आट्यांचा, ६० डिग्रीचा, वरून एनपीटी अर्धा मिलिमीटरनं जाडही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. चूक माझीपण आहे म्हणा, मी सांगितलंच नव्हतं, मला तेव्हा माहीत कुठं होतं. तो पहिला ब्लॉक आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.

तर काका. पहिल्या दिवशी मी गन पिशवीतून काढली तर पोरगा दोन पावलं मागं सरकला. "काय हाये हे बे?" मग त्याला रंगाची गोळी फोडून दाखवली तेव्हा हसला. काकांनी मात्र गनकडे पाहिलंच नाही, रेग्युलेटर उचलला, चष्मा कपाळावरून खाली घेतला, व्हर्निअर लावला आणि म्हणाले, "वीस पॉइंट नऊ. हे तर नळाचे आटे हायेत भाऊ, चार सुती."

मला वाटलं, झालं, इथंपण तेच होणार आता. पण त्यांनी ड्रॉवरमधून पिच गेज (आट्यांना लावून पाहायची दातेरी पानं) काढलं, एक एक पान लावून पाहिलं, चौदाचं बसलं, आणि मग ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मला बोलावलं. "पाय इकडं. चौदा हाये, बरोबर हाये, पण हे पान बीएसपीचं हाये न, याच्या बगलेतून उजेड येऊन राहिला." मग दुसऱ्या गेजचं पान लावलं, साठ डिग्रीचं, आणि उजेड गायब.

मी घरी येऊन वाचलं तर काका शंभर टक्के बरोबर. पेंटबॉलच्या टाक्यांचे आणि एएसएचे (टाकी जिथं फिरवून बसते तो भाग) आटे ०.८२५ इंच, १४ टीपीआय (इंचाला आटे), एनजीओ नावाचे, आणि आपल्या अर्ध्या इंची नळाचा बीएसपी पण बाहेरून ०.८२५ इंचच, १४ च टीपीआय! फरक फक्त कोनाचा, ६० आणि ५५. म्हणजे नळाचा टॅप मारला असता तर रेग्युलेटर आरामात फिरून बसलाही असता, मी पण खूश होऊन घरी आलो असतो, आणि आट्यांची पूर्ण बगल धरलीच नसती. मी हिशोब केला, समजा रेग्युलेटर आतून खराब झाला आणि दुपारचे ११००-१२०० पीएसआय थेट त्या २१ मिलिमीटरच्या भोकावर आले तर पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर होतो, आणि हे सगळं खेळणाऱ्याच्या डाव्या हातात, तोंडापासून एक फुटावर. ते गेज उजेडाला धरायला दोन मिनिटं गेली असतील. माझे चार स्टार तिथंच झाले.

टॅप मिळणार नव्हताच, म्हणून त्यांनी आतले आटे लेथवर बोअरिंग करून टूलनंच काढले, साठ डिग्रीचं टूल स्वतः घासून. मी उभा होतो तिथं. प्रत्येक पासनंतर चक थांबवायचे, ब्रशनं चिप्स काढायच्या, रेग्युलेटर हातानं लावून पाहायचे, फिरत नाही, परत थोडं. सहाव्या का सातव्या वेळेला तो असा गेला, तेल लावल्यासारखा, जरा पण डगडग नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त पोराकडे पाहून मान हलवली.

एक सुती एनपीटीचा टॅप मात्र त्यांच्याकडे नव्हता आणि तो मलाच आणायला लावला. इतवारीत लोहा ओळीत तीन दुकानं फिरलो, सगळीकडे बीएसपी, एक जण तर म्हणे "एकच असतं भाऊ दोन्ही". नसतं! शेवटी ऑनलाइन मागवला, साडेसहाशे गेले आणि चार दिवस. एनपीटी निमुळता असतो, टॅप जास्त आत गेला की भोक ढिलं होतं आणि मग कितीही टेप लावा गळतंच, तर काका दर अर्ध्या फेऱ्याला थांबून फिटिंग लावून पाहत होते, हातानं चारेक आटे गेलं तिथं थांबले, बाकीचे दीड-दोन फेरे पान्यानं. बोअर (रेग्युलेटरचं मोठं भोक) आणि त्या बाजूच्या भोकात भिंत किती ठेवायची हे पण त्यांनीच विचारलं, मी खांदे उडवले, तर म्हणाले "पाच ठेवतो, वजन थोडं वाढन पण तू झोपशीन."

आता तक्रारी, कारण आहेत.

एक तर वेळ. "परवा ये" म्हणाले त्याचा अकरावा दिवस झाला. त्यातले चार माझ्या टॅपचे, मान्य, पण बाकीचे सात? फोन केला की "लावलाच हाये मशिनवर", गेलो की मशिनवर कोणाच्या तरी पंपाची शाफ्ट. मी दोनदा खेटे मारले, उन्हात, एकदा तर नुसते तर्री पोहे खाऊन परत आलो.

दुसरं, आणि हे जास्त सिरीयस आहे, जॉब धुऊन देत नाहीत. घरी आणून मी बाजूच्या भोकात टॉर्च मारली तर आतल्या कोपऱ्यात, जिथं दोन भोकं एकमेकाला मिळतात तिथं, केसासारखी बारीक चिप लोंबून राहिली होती, अर्धवट तुटलेली. ती सुटून व्हॉल्व्हमध्ये गेली असती तर सीट कापली असती आणि गन रात्रंदिवस सुसू करत बसली असती. रेग्युलेटरच्या आत असा कचरा गेला तर त्याहून वाईट, वाट नीट बंद होत नाही आणि गन नुसती ठेवली तरी पुढचा प्रेशर हळूहळू चढत जातो, पहिली गोळी तोफेसारखी सुटते. टाचणीनं ती चिप काढली, मग डिझेलनं, मग साबणानं, मग हवा मारून साफ केलं. काकांना सांगितलं तर म्हणाले "ते तर तुले करायलाच लागन न". आधी सांगा ना मग!

तिसरं, स्क्रू. ब्लॉक गनला दोन १०-३२ च्या (अमेरिकन मापाच्या) स्क्रूनं बसतो, आणि पोरानं माझे स्क्रू हरवून एम५ चे (मेट्रिक) लावून दिले. फरक इतका कमी आहे, ४.८३ आणि ५ मिलिमीटर, पिच तर जवळपास तीच, की पहिले दोन आटे जातात आणि मग जोर लावला तर गनच्या बॉडीचे आटे खातात. नशीब मी जोर लावला नाही. काकांनी पोराला माझ्यासमोर इतकं झापलं की मलाच वाईट वाटलं.

ओ-रिंगच्या (गॅस गळू नये म्हणून लावायची गोल रिंग) बाबतीत पण आमचं थोडं वाजलं. त्यांनी डब्यातून काळी नायट्राइलची काढून दिली, मी नको म्हणालो, माझ्याकडे युरेथेनची ०१५ नंबरची होती तीच लावली. सीओटू नायट्राइलमध्ये शिरतो, फुगवतो, आणि प्रेशर एकदम सोडला की रिंगला आतून फोड येतात. "पंचवीस वर्षं झाले हीच लावून राहिलो" असं काका म्हणाले. तुम्ही पाण्याच्या पंपाला लावता काका, पण हे मी मनात म्हणालो.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. मी सहज विचारलं की टाकीचा व्हॉल्व्ह पण जरा टाइट करून द्याल का, तर त्यांनी हात मागं घेतला. "सिलिंडरले मी हात नाही लावत. तिकडं सेमिनरी हिल्सवर बसले हायेत न एक्स्प्लोझिव्हवाले, त्याहिले विचार." देशभरातल्या गॅस सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि एक्स्प्लोझिव्ह सेफ्टीवाली सरकारी संस्था) हेडऑफिस आपल्या गावात आहे हे मला माहीत होतं, पण लेथवाल्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

बसवल्यावर काय झालं ते पण सांगतो. साबणाच्या पाण्यात एक बुडबुडा नाही, रात्रभर गॅसवर ठेवला, सकाळी गेज तिथंच. ६५० वर सेट केला. मी हावरटपणा करून ५०० च्या खाली नेऊन पाहिला, तर बोल्टला परत कॉक व्हायला पुरेसा धक्काच मिळेना आणि गन एका ट्रिगरला धडधडधड सुटायला लागली, मित्र खाटेमागं लपला, परत वर आणला. दुपारी दोनला, ४३ डिग्रीत, दहा गोळ्या क्रोनोवर मारल्या, सगळ्यांच्या वेगात दहा फूट पर सेकंदाच्या आतच फरक, २७१ ते २८०. आधी याच गनमध्ये तीसचा फरक असायचा. टाकी मात्र उभीच धरायची, उलटी केली की थंडी असताना लिक्विड रेग्युलेटरमध्ये येतं आणि मग गेज नाचतं, पण ती काकांची चूक नाही. गन पुढून जड झालीये थोडी, पोरं तक्रार करतात, करू दे.

पैसे अठराशे घेतले, मटेरियल धरून, बिल मागितलं तर हसले. दिसायला ब्लॉक काही खास नाही, टूलच्या रेघा तशाच आहेत, कडा मी घरी कानशीनं मोडल्या.

तुम्ही जाणार असाल तर जो पार्ट त्यात बसायचा आहे तो सोबत न्या, नुसतं माप सांगू नका, ते ऐकतही नाहीत. स्क्रू घरी ठेवून जा.

बाकीच्या सात गनचे ब्लॉक पण त्यांच्याकडेच टाकलेत, मागच्या महिन्यात. काल फोन केला होता, मशिनवरच लावलेत म्हणे.