सात रस्ता परिसरातील मानसोपचार केंद्र : गोपनीयता जपणारे कर्मचारी
माझ्या भावाच्या उपचारांसाठी आम्ही सोलापुरातील या केंद्रात नियमित जातो. डॉक्टर उत्तम आहेतच, परंतु मला लिहावेसे वाटते ते येथील कर्मचाऱ्यांच्या शिस्तीविषयी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. तो हक्क येथे रोजच्या कामात उतरलेला दिसतो. नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारला जातो, केसपेपर उघडे पडलेले नसतात, आणि फोनवर चौकशी करणारा नातेवाईक कितीही जवळचा असला, तरी रुग्णाच्या संमतीशिवाय माहिती देता येणार नाही, असे त्याला नम्रपणे सांगितले जाते.

शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. अशा रुग्णासाठी शेजाऱ्याला किंवा नातलगाला दुभाषा न करता तेलुगू जाणणारा कर्मचारीच बसवतात. ही बाब मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ओळखीच्या माणसासमोर रुग्ण मनातले बोलतच नाही. जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास माहिती द्यावी लागते, हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट करतात.

औषधांच्या खिडकीवर मात्र गोळ्यांची नावे आणि त्या कशासाठी आहेत, हे रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले जाते, आणि ते गंभीर आहे. तेथे आडोसा करावा, अशी लेखी सूचना मी व्यवस्थापकांकडे दिली आहे.