अडीच लाखांचं टर्बो किट, आत रुपयाचा रेझिस्टर

2016 ची स्विफ्ट, 1.2 लिटर पेट्रोल, मूळ ताकद साधारण 83 बीएचपी. मालकाला आश्वासन मिळालं होतं: बोल्ट-ऑन किट, अर्धा बार बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा जादा दाब), 130 घोडे, इंजिन खोलायची गरज नाही. दोन लाख चाळीस हजार गेले, बहुतेक रोख. 1,800 किलोमीटरनंतर गाडी निळा धूर टाकायला लागली. कॉम्प्रेशन तपासलं तर तीन सिलिंडर 180 पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्या नंबरचा 60 वर. पिस्टन बाहेर काढल्यावर वरच्या दोन रिंगांमधली भिंत तुटलेली दिसली.

गॅरेजवाल्याने खापर पेट्रोलवर फोडलं. खरं कारण किटसोबत दिलेल्या ‘ट्यूनिंग बॉक्स’मध्ये होतं.

काळा ॲल्युमिनियमचा डबा, वर निळा दिवा, बाहेर आलेल्या दहा वायरी आणि आत ओतलेलं एपॉक्सी. एपॉक्सी खरवडल्यावर दिसलं की चार वायरी कशालाच जोडलेल्या नाहीत आणि दोन फक्त दिवा पेटवायला आहेत. आणखी दोन वायरींच्या मध्ये एक रेझिस्टर (विजेचा प्रवाह रोखणारा छोटा भाग) होता, हवेच्या तापमानाच्या सेन्सरला सिरीजमध्ये लावलेला. या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं हवा थंड आहे, म्हणून तो थोडं इंधन वाढवतो. पण थंड हवा समजून तो स्पार्कही आधी पाडतो, आणि बूस्टखाली नेमकं हेच नको असतं. उरलेल्या दोन वायरींवर झेनर डायोड होता. तो मॅप सेन्सरचा (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) व्होल्टेज एका मर्यादेवर अडवायचा, म्हणजे बूस्ट आल्याचं ईसीयूला कळत नाही आणि चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. हवा दीडपट, इंधन जवळपास पूर्वीएवढंच, स्पार्क लवकर. मग नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन रिंगेची भिंत फुटणारच.

खरं म्हणजे हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका घोड्यामागे मिनिटाला साधारण 6 सीसी इंधन लागतं. 130 घोड्यांना 780, चार इंजेक्टरांत वाटून 195. इंजेक्टर 80 टक्क्यांवर चालवायचा म्हटलं तर प्रत्येकी 245 सीसीचा हवा. ई20 वर (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आणखी सात-आठ टक्के धरा. कंपनीने इंजेक्टर दिलेत ते 83 घोड्यांच्या मापाने. म्हणून ‘इंजेक्टर कोणते, किती सीसीचे?’ एवढं विचारा. ‘स्टॉकच चालतात’ असं उत्तर आलं की तिथूनच उठा. पुढचा प्रश्न: मॅपिंग (इंधन आणि स्पार्कचं गणित बसवणं) कशावर करणार? ईसीयू रीफ्लॅश (त्याचा प्रोग्रॅम नव्याने भरणं) किंवा स्वतंत्र ईसीयू, मोठ्या रेंजचा मॅप सेन्सर आणि एक्झॉस्टमध्ये वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणारा), हे तिन्ही हवंच. फुल थ्रॉटलवर मिश्रण (एका भाग पेट्रोलमागे हवेचे भाग, वजनाने) 11.5 ते 12 च्या दरम्यान दिसायला हवं. गाडीचा मूळ नॅरोबँड सेन्सर 14.7 च्या आजूबाजूचंच सांगतो, त्याच्या भरवशावर बूस्ट लावणं म्हणजे डोळे मिटून घाट उतरणं.

टर्बोही ‘इम्पोर्टेड’ नव्हताच. छोट्या डिझेल गाडीचा जुना टर्बो सँडब्लास्ट करून वर नवी पाटी रिव्हेट केलेली. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण 800 अंशांच्या आसपास असतो, पेट्रोलचा 950 च्या वर जातो. या टर्बोला पाण्याचं जॅकेट नव्हतं, त्यामुळे गरम इंजिन बंद केलं की शाफ्टभोवतीचं तेल जळून कोळसा व्हायचं. ओळखायला अवघड नाही: इनटेकचा पाइप काढून शाफ्ट दोन बोटांत धरा. आडवा किंचित हलला तर चालतं, पण मागे-पुढे खेळ बोटाला जाणवता कामा नये. पंख्याच्या कडा हाउसिंगला घासल्यात का तेही बघा. तेलाचा परतीचा पाइप तर बोटाएवढाही जाड नव्हता. तो निदान 16 मिलिमीटरचा, सतत उताराचा आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारा लागतो, नाहीतर तेल तुंबून सीलमधून बाहेर येतं.

डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) छापील कागद मिळाला होता, 131 बीएचपीचा. त्यावर गाडीचा नंबर नाही, तारीख नाही, कोणत्या गिअरमध्ये चाचणी घेतली तेही नाही. आधीचा आणि नंतरचा आलेख एकाच डायनोवर, आपण समोर उभे असताना काढलेला नसेल तर तो कागद कुणाच्याही गाडीचा असू शकतो.

‘आरटीओचं आम्ही बघतो’ हेही सांगितलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल करता येत नाही. 182ए(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि हे उपकलम मालकावर लागतं, गॅरेजवर नाही. विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं ते वेगळंच.

तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे बिल, चॅट, बँकेचे व्यवहार आणि दुसऱ्या वर्कशॉपचा लेखी अहवाल लागतो. फुटका पिस्टन आणि तो डबा भंगारात देऊ नका. या प्रकरणात बिल होतं, पण 18,000 रुपयांचं, आणि त्यावर एवढंच लिहिलेलं: ‘ॲक्सेसरीज फिटिंग’.