पंचवीस डॉलर उसने द्यावेत की देऊन टाकावेत?

केनियात किंवा युगांडात एखाद्या कुटुंबाच्या पोटापाण्याला आपले चार पैसे लागावेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यापुढे आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, इंटरनेटवरून बिनव्याजी कर्ज द्यायचं आणि ते फिटलं की पुन्हा दुसऱ्याला फिरवायचं. दुसरी, थेट त्या कुटुंबाच्या मोबाइलवर रोख रक्कम पोचवणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची आणि मोकळं व्हायचं. पहिलीतलं सगळ्यांच्या कानावरून गेलेलं नाव म्हणजे किवा, दुसरीतलं गिव्हडायरेक्टली. खातं कसं उघडायचं, कार्ड कुठलं चालतं वगैरे सांगत बसत नाही. नैरोबीत नोकरीला होतो तेव्हा आणि नंतर अमेरिकेत आल्यावर मी दोन्ही वाटांनी पैसे घातले, त्यातून जे मत झालं ते हे. माझं कर्जाचं खातं कुठल्या वेबसाइटवर होतं हे मुद्दाम सांगत नाही. खटकलं ते पद्धतीत खटकलं, कुणा एका कंपनीचं नाव त्यात ओढायला नको.

कर्जाची वाट आपल्या संस्कारांना चटकन पटते, हे आधी कबूल करायला हवं. धडधाकट माणसाला फुकट द्यायचं नाही, हवं तर हातउसने द्यायचे, हे आमच्या घरात न सांगता शिकवलेलं होतं. गावाकडे बचत गटातल्या बायका आठवड्याच्या आठवड्याला हप्ता आणून टाकताना पाहिल्या असतील, तर त्या फेडण्यातला ताठा ओळखीचा असतो. किवाची सुरुवातही २००५ साली अशाच कल्पनेतून झाली. पहिली कर्जं गेली ती पूर्व युगांडातल्या टोरोरोच्या छोट्या धंदेवाल्यांना. आपण पंचवीस डॉलरपासून सुरुवात करायची, व्याज घ्यायचं नाही, आणि संस्थेच्या आकड्यांनुसार शंभरातले शहाण्णव परत येतात. आले की पुढच्याला द्यायचे. एकच नोट वर्षानुवर्षं फिरत राहते हा विचार आमच्यासारख्या काटकसरी माणसाला फार सुखाचा वाटतो.

मग अडलं कुठे? फोटोंवर.

रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा. पडद्यावर ओळीने चेहरे. टोमॅटोच्या ढिगाऱ्यामागे बसलेली बाई, शेजारी सुकुमा या पालेभाजीच्या जुड्या. पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर वाकलेला माणूस. बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, सीटवर एक पाय टेकून उभा असलेला पोरगा. प्रत्येकाखाली चार ओळी: मुलं किती, धंदा कसला, पैसे कशाला हवेत, किती टक्के जमले. आणि मी इथे सोफ्यावर बसून ठरवणार की यातला कोण पात्र. कशाच्या जोरावर? मका लावायला संकरित बियाणं घेणारी बाई शहाणी की जुने कपडे आणून विकणारी, हे मला काय कळतंय? पश्चिम केनियातल्या सियायाची माती मी नांगरलेली नाही आणि तिथल्या बाजारात गाळाही लावलेला नाही. शेवटी कळे ते एवढंच, की हसऱ्या चेहऱ्याकडे माऊस आधी वळतो, आणि कॅमेऱ्याकडे न बघणारी माणसं पानाच्या तळाशी राहतात. सरळ सांगायचं तर हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. फरक इतकाच की समोरच्याला आपल्याकडे बघायची, नकार द्यायची सोय नाही.

गंमत म्हणजे या निवडीला फारसा अर्थही नसतो. बहुतेक वेळा तिथल्या स्थानिक सूक्ष्मवित्त संस्थेने त्या बाईला कर्ज आधीच दिलेलं असतं आणि आपले पैसे मागाहून त्या संस्थेची भरपाई करतात. डेव्हिड रूडमन या अर्थतज्ज्ञाने २००९ मध्येच हे लक्षात आणून दिलं, आणि त्यानंतर किवानेही ही रीत अधिक उघडपणे मांडली. व्यवहार म्हणून त्यात वावगं काही नाही. पेरणीच्या तोंडावर बाईने अमेरिकेतल्या कुणाची वाट का बघावी? पण मग ते फोटो चाळणं कुणासाठी असतं? माझ्यासाठीच. माझ्या समाधानाची सोय म्हणून तिने फोटोला उभं राहायचं आणि पोरं किती ते जगाला सांगायचं, हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

दुसरा मुद्दा व्याजाचा, पण तो मला तितका टोचत नाही. आपलं शून्य टक्के त्या बाईपर्यंत शून्य राहून पोचत नाही. मधली संस्था व्याज लावते, आणि आफ्रिकेत सूक्ष्मकर्जाचा दर वर्षाला तीस टक्क्यांच्या घरात असणं नवलाचं नाही. पाच-दहा हजार केनियन शिलिंगांच्या वसुलीसाठी मोटरसायकलवरून गावोगाव माणूस फिरवायचा तर खर्च येणारच. मला जास्त लागते ती जोखमीची वाटणी. मार्च ते मे या मोठ्या पावसाने दगा दिला तर माझं नुकसान पंचवीस डॉलरचं. तिच्या दारात मात्र हप्ता उभा राहतो, आणि सगळ्यांनी मिळून हमी घेतलेलं गटकर्ज असेल तर शेजारणींची तोंडंही.

कर्जाने गरिबी किती हटते, यावर २०१५ मध्ये सहा देशांतले प्रयोग एकत्र छापून आले. त्यात इथिओपिया आणि मोरोक्को होते, आणि आपलं हैदराबादही. निष्कर्ष असा की थोडाफार फायदा होतो, पण आयुष्य पालटत नाही. हे वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. नैरोबीच्या कुठल्याही वस्तीत एका गल्लीत सहा टपऱ्या असतात. सहाही ठिकाणी तोच साबण, तेच टोमॅटो, तेच मोबाइलचं रिचार्ज. कर्ज देऊन आपण सातवी टपरी उघडतो. गिऱ्हाईक कुठून आणायचं?

रोख रकमेची वाट मला पटली ती इथे. आमच्या ऑफिसात सियायाकडचा एक सहकारी होता. एका सुटीत तो मला किसुमूवरून त्याच्या गावी घेऊन गेला. त्याच्या शेजारच्या घराला एम्पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेतून, असे पैसे आले होते. नवं माबाती, म्हणजे पत्र्याचं, छप्पर उन्हात डोळे दिपवत होतं; कडेला पन्हळ लावून पाणी काळ्या टाकीत सोडलेलं. मागची चूल मात्र अजून गवताच्या झोपडीतच. मी माझ्या देशी हुशारीने विचारलं, पैसे आले तर शेळ्या का नाही घेतल्या, वाढल्या असत्या. सहकाऱ्याने धोलुओ या तिथल्या भाषेत विचारलं, ती बाई खळखळून हसली आणि काहीतरी लांबलचक बोलली. त्याने सांगितलेला मतलब असा: शेळी असली की दीर येतो, आजारपण निघालं म्हणतो, घेऊन जातो. छपराचे पत्रे उचकटून कोण नेणार? शिवाय गवत आता जवळपास मिळत नाही, विकत आणावं लागतं, आणि दोन पावसाळ्यांत ते कुजतं. म्हणजे पत्रे ही तिची गुंतवणूकच होती. दरसालचा खर्च वाचला आणि पाण्याची खेपही वाचली. कर्जाच्या वेबसाइटवर ‘छप्पर’ म्हणून अर्ज आला असता, तर मी तो डावलून शिवणयंत्राकडे गेलो असतो.

एका छपरावरून सगळ्या जिल्ह्याचं ठरवू नये, हे मान्य. पण सियायात ६५३ गावं धरून मोठा अभ्यास झालेला आहे. दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मिळाले. त्यातून दिलेल्या दर डॉलरमागे त्या भागात जवळपास अडीच डॉलरची उलाढाल वाढली, आणि महागाई जेमतेम हलली. मला त्यातला सर्वांत बोलका भाग वाटतो तो हा, की ज्यांना एक शिलिंगही मिळाला नव्हता, त्यांचीही कमाई आणि खरेदी वाढली. गिऱ्हाइकाच्या हातात पैसा आला, तो दुकानदाराकडे गेला, तिथून पत्रे ठोकणाऱ्या मिस्त्रीकडे. अभ्यास करणाऱ्यांत पॉल निहाउस हे गिव्हडायरेक्टलीचे एक संस्थापकही आहेत, तेव्हा थोडं सावधपणेच वाचावं. पण २०२२ मध्ये तो इकॉनोमेट्रिकासारख्या कडक नियतकालिकात छापला गेला, त्यामुळे मी तरी विश्वास ठेवतो.

रोखीतलं सगळंच गोड नाही. सुरुवातीला फक्त गवताच्या छपराच्या घरांना पैसे दिले जात, आणि कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या घरात चरफड होई. पुढे अख्ख्या गावाला द्यायची पद्धत आली ती उगीच नाही. व्हिक्टोरिया सरोवराच्या खाडीपलीकडच्या होमा बेमध्ये तर जवळजवळ निम्म्या लोकांनी पैसे नाकारले. फुकट कोण देतं, यात काहीतरी सैतानी असणार, अशी कुजबुज होती. (फुकटाचा संशय घेण्यात आपणच एकटे नाही, हे कळून मला बरं वाटलं.) काँगोत गिव्हडायरेक्टलीचे सुमारे नऊ लाख डॉलर आतल्याच माणसांच्या संगनमताने लांबवले गेले, २०२३ मध्ये संस्थेने ते स्वतःच जाहीर केलं. आणि परिणाम कायम टिकतोच असंही नाही. उत्तर युगांडात तरुणांच्या गटांना शिवणकाम, सुतारकाम अशा धंद्यांसाठी सरकारी योजनेतून रोख अनुदान दिलं होतं. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती, पण नऊ वर्षांनी इतरांनी त्यांना गाठलं. ते पाच-सात वर्षं आधी वर आले, हे कमी आहे का? मला नाही वाटत, पण तुम्हाला वाटू शकतं.

देणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर रोख देणं अगदी कंटाळवाणं आहे. कर्जाच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी हलतं, दोन डॉलर जमा झाले, अमुक बाईने हप्ता भरला. इथे एक पावती येते आणि शांतता. कुणाचा चेहरा नाही, कुणाच्या पोरांची संख्या नाही. सुरुवातीला मला हे रूक्ष वाटायचं. आता तेच आवडतं. तिला पत्रे घ्यावेसे वाटले, घेतले. मला विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

दरमहा थोडे द्यावेत की एकदम, हा प्रश्न पुढे येतो. केनियात बारा वर्षं दरमहा पैसे देण्याचा मोठा प्रयोग चालू आहे. एकरकमी मिळालेल्यांनी आणि बारा वर्षांची खात्री असलेल्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले. दोनच वर्षं दरमहा मिळणारे मागे राहिले. बारा वर्षंवाल्यांनी काय केलं असेल? अनेकांनी भिशी लावली. तिथे तिला मेरी-गो-राउंड म्हणतात. दरमहाची रक्कम एकेकाच्या पाळीला एकगठ्ठा करून घ्यायची.

भिशीवरून आठवलं म्हणून तिसऱ्या वाटेचं ओझरतं सांगतो. केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजर देशात गावातल्याच बायकांच्या पैशांवर चालणारे बचत गट सुरू केले. बाहेरचं कर्ज नाही, व्याज गटातच फिरतं, वर्षाअखेर वाटणी. आज हे गट आफ्रिकाभर आहेत. त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला देणगी देता येते, आणि फुकट देणं ज्यांना अजिबात पटत नाही त्यांनी वेबसाइटवरच्या कर्जाआधी याचा विचार करावा असं मला वाटतं. याचा मला स्वतःचा अनुभव नाही.

आता हिशेबाचं. अमेरिकेत राहत असाल तर देणगीवर करात वजावट मिळू शकते, कर्जावर नाही, कारण ते पैसे कायद्याने तुमचेच राहतात. चलनाचाही विचार हवा. २०२३ च्या सुरुवातीला डॉलरला १२५ च्या आतबाहेर असलेला केनियन शिलिंग वर्षभरात १६० पर्यंत घसरला. अशा वेळी कर्ज शिलिंगमध्ये पूर्ण फिटलं तरी डॉलरमध्ये कमी परत येऊ शकतं. वेबसाइटचा चलन-जोखमीचा नियम आधी वाचावा. भारतातून पाठवणाऱ्यांनी बँकेत एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली देणगी म्हणून पाठवावं लागतं आणि परदेशी संस्थेला ८०जीची करसवलत लागू नाही, हे धरून चालावं. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून छोट्या रकमा वरचेवर पाठवण्यापेक्षा वर्षातून एकदाच पाठवलेलं बरं, नाहीतर बँकेचे आकारच जास्त होतात.

घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर कर्जाचं खातं जरूर उघडा. नकाशावर टोरोरो शोधणं, हप्ते मोजणं, शिलिंग का घसरला ते विचारणं, यात त्यांचा भूगोल आणि गणित दोन्ही होतं. माझ्या खात्यातली उरलेली शिल्लक मी काढून घेतलेली नाही. ती पुतणी फिरवते. तिला मी एकच अट घातली आहे, फोटो न बघता यादीतल्या सर्वांत तळच्या अर्जाला द्यायचं. नवे पैसे मात्र सगळे रोखीत जातात.