एका हाताने, अंधारात, दहा मिनिटं: किंडल पेपरव्हाइट

ज्यांना वाचायला सलग तासभर मिळत नाही आणि पुढची काही वर्षं तरी मिळायची शक्यता नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. रोज रात्री निवांत दोन तास पुस्तक घेऊन बसता येत असेल, तर किंडल पेपरव्हाइटची, म्हणजे अॅमेझॉनच्या या ई-पुस्तकं वाचायच्या यंत्राची, तुम्हाला फारशी गरज नाही. कागदावरच वाचा.

माझी मुलगी अजून अंगावर पिते. दिवसा मी हिशेबनीस म्हणून काम करते, आणि महिनाअखेर जवळ आली की घरी आल्यावरही डोक्यात आकडेच फिरत असतात. तरी वेळ अजिबात मिळत नाही, हे काही खरं नाही. मिळतो, पण तुकड्यातुकड्यांनी. ती पिता पिता पेंगते तेव्हा, मांडीवर गाढ झोपेपर्यंत, लसीकरणाच्या रांगेत नंबर येईपर्यंत. या तुकड्यांमध्ये तीन गोष्टी हमखास असतात: एक हात अडकलेला, खोलीत अंधार, आणि पुढच्या क्षणी उठावं लागेल की अर्ध्या तासाने, याचा काही भरवसा नाही.

कागदी पुस्तक इथे अडतं. जाड कादंबरी एका हातात धरायची, अंगठ्याने पानं अडवायची, पान उलटायला हनुवटीची मदत घ्यायची, आणि दिवा लावला की मूल जागं. मोबाइल या तिन्ही अटी पाळतो आणि त्यावर पुस्तकं वाचायची अॅपही फुकट मिळतात. पण मोबाइलवर पुस्तक ही शंभर गोष्टींतली एक गोष्ट असते. वर एक संदेश झळकतो, अंगठा तिकडे वळतो आणि मिळालेली दहा मिनिटं संपतात. त्यात कुणाचा स्वभाव वाईट नसतो. दमलेल्या डोक्याला जे सर्वांत सोपं, तेच ते निवडतं.

माझ्याकडे पेपरव्हाइटचं २०२१चं मॉडेल आहे. ६.८ इंचांचा पडदा, वजन २०५ ग्रॅम. २०२४ मध्ये आलेलं नवं मॉडेल ७ इंचांचं आणि २११ ग्रॅमचं आहे. वाचायला बसल्यावर दोन्हींत फारसा फरक नाही, दोन्हींवर अक्षरांचा रेखीवपणा सारखाच, इंचाला ३०० ठिपके. तळहातावर आडवं ठेवून अंगठ्याने पडद्याला हलकं टेकवलं की पान पुढे जातं. सोबत घेतलेलं कव्हर मी काढून ठेवलंय. ते उघडायला दोन हात लागतात आणि मनगटावर वजनही वाढतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या कडेचं बटण दाबलं की जिथे वाचन थांबलं होतं तेच पान समोर येतं. मुखपृष्ठ नाही, यादी नाही, ‘आज काय वाचाल’ असा प्रश्न नाही. अर्धवट राहिलेलं वाक्य, तिथूनच पुढे. मूल रडलं तर खूणही करावी लागत नाही, यंत्र बाजूला टाकून उठायचं. एवढ्याशा सोयीने माझं वाचन परत आलं, असं मी अगदी विचार करून म्हणते. पुस्तक शोधणं, दिवा लावणं, पान काढणं, मागचा धागा पकडणं यात पाच मिनिटं जात असतील, तर दहा मिनिटांच्या फटीत माणूस पुस्तकाला हातच लावत नाही. ती पाच मिनिटं नाहीशी झाली की फटीसुद्धा कामाला येतात.

आता उजेडाबद्दल थोडं सविस्तर, कारण रात्री वाचणाऱ्याला याचंच जास्त पडलेलं असतं. मोबाइलचा उजेड पडद्यातून सरळ डोळ्यांकडे येतो. इथे छोटे दिवे कडेच्या पट्टीत लपवलेले असतात आणि त्यांचा उजेड पानावर पसरतो, म्हणजे वरून दिवा धरल्यासारखा. उजेड अगदी कमी करून त्यात पिवळसर छटा वाढवली की अंधाऱ्या खोलीत पानाएवढाच मंद उजेड उरतो, शेजारी झोपलेल्या माणसाला त्रास होत नाही. काळ्या पानावर पांढरी अक्षरं करायचीही सोय आहे. मला ती फक्त पहाटे लागते, एरवी पांढऱ्या पानावरची काळी अक्षरंच बरी वाटतात.

पान कागदासारखं दिसतं त्यामागचं तंत्र जाणून घेण्यासारखं आहे. पडद्यात अतिशय बारीक कुप्या असतात. त्यांत काळे आणि पांढरे कण एका पारदर्शक द्रवात तरंगतात आणि दोघांवर विरुद्ध विद्युतभार असतो. विजेची दिशा बदलली की एक रंग वर येतो, दुसरा खाली बसतो. वर आलेले कण मग तिथेच राहतात, पान नुसतं दाखवत ठेवायला वीज लागत नाही. पान बदलतानाच काय ती खर्च होते. म्हणूनच अॅमेझॉन २०२१च्या मॉडेलसाठी एका चार्जिंगवर दहा आठवड्यांपर्यंतचा दावा करते, मात्र तो रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद या हिशेबाने. हे तंत्र विकसित करणारी ई इंक ही कंपनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिली. सोनीने २००४ मध्ये असा पडदा असलेलं वाचनयंत्र आणलं, किंडल आलं २००७च्या नोव्हेंबरमध्ये, आणि स्वतःचा उजेड असलेलं पहिलं पेपरव्हाइट २०१२ मध्ये.

याच तंत्रामुळे पान बदलताना मधूनच एक काळी झाक चमकून जाते. सुरुवातीला डोळ्यांना खटकते, मग दिसेनाशी होते. यंत्र एकूणच संथ आहे. यात इंटरनेट पाहायची सोय आहे, पण इतकी सावकाश की कुणी मुद्दाम वापरायला जाणार नाही. माझ्या दृष्टीने ही याची मोठी जमेची बाजू. हातात असताना वाचण्याखेरीज दुसरं काही करावंसं वाटत नाही.

पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात प्रकरण संपायला किती मिनिटं उरली ते दाखवता येतं. तुमचा वेग पाहून ते अंदाज बांधतं. कामात बुडालेल्या माणसाला हा आकडा फार उपयोगी. चार मिनिटं उरली असतील तर मी प्रकरण संपवूनच उठते, अठरा असतील तर परिच्छेदापाशी थांबते. एकूण पुस्तक किती टक्के झालं, हे मात्र मी बघत नाही. त्या आकड्याने घाई होते आणि पुस्तकावरचं लक्ष संपवण्याकडे जातं.

यंत्र घरी राहिलं तर तेच पुस्तक मोबाइलवरच्या किंडल अॅपमध्ये त्याच जागी उघडतं. त्यासाठी यंत्राचं वायफाय अधूनमधून चालू करावं लागतं. रांगेत उभं असताना याचा उपयोग होतो, पण आधी मोबाइलवरच्या सूचना बंद करा.

मराठीबद्दल. २०१६च्या डिसेंबरपासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळतात आणि नीट तयार केलेल्या पुस्तकात देवनागरी सुरेख दिसते. जोडाक्षरं मोडत नाहीत, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. थकलेल्या डोळ्यांना एक-दोन पायऱ्या मोठा ठसा किती सुखाचा वाटतो, ते वापरल्यावरच कळतं. पण सगळी पुस्तकं नीट तयार केलेली नसतात. मी घेतलेलं एक पुस्तक म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो होते. अक्षर मोठं होईना, पान बाजूला सरकवत सरकवत वाचावं लागलं, शेवटी मी ते सोडून दिलं. प्रकाशक कोण हे महत्त्वाचं नाही, असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. त्यामुळे मराठी पुस्तक विकत घेण्याआधी त्याचा फुकट नमुना उतरवून घ्या आणि अक्षराचा आकार बदलून पाहा. बदलला तरच पैसे भरा.

पीडीएफचंही तेच. मोठ्या कागदासाठी मांडलेलं पान या पडद्यावर मुंगीएवढं दिसतं. तक्ते, नकाशे, रंगीत चित्रं यांसाठी हे यंत्र घेऊ नका, इथे सगळं करड्या रंगात दिसतं. मागे जाऊन काही शोधणंही कागदाइतकं सोपं नाही. छापील पुस्तकात ‘डाव्या पानावर, खालच्या बाजूला’ एवढं आठवलं तरी पुरतं. इथे प्रत्येक पान सारख्याच जागी येतं, त्यामुळे ती आठवण तयारच होत नाही. बरीच पात्रं असलेली कादंबरी तुकड्यांत वाचताना हे जाणवतं. मग शोधपेटीत पात्राचं नाव घालून ते पहिल्यांदा कुठे आलं ते पाहावं लागतं.

कडेला पान उलटायची बटणं नाहीत. लेकरू हात मारायला लागलं की पडद्याला त्याचं बोट लागतं आणि पानं पुढे पळतात. ज्यांना बटणंच हवीत त्यांनी कोबो या दुसऱ्या कंपनीचं लिब्रा हे वाचनयंत्र पाहावं, त्यात ती आहेत.

मालकीचा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो. इथे पुस्तक विकत घेतलं म्हणजे वाचायचा परवाना घेतला. अॅमेझॉनने विकलेली काही पुस्तकं २००९ मध्ये वाचकांच्या यंत्रांतून परत काढून घेतली होती, त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. आणि विकत घेतलेलं पुस्तक आधी संगणकावर उतरवून मग वायरने यंत्रात टाकण्याची सोयही २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. आवडलेलं पुस्तक मैत्रिणीच्या हातात देता येत नाही, तेही आहेच. म्हणून माझी विभागणी सरळ आहे. एकदा वाचायची पुस्तकं यंत्रावर. जी मुलीसाठी कपाटात ठेवायची आहेत ती कागदावर. स्वामित्वहक्काबाहेर गेलेली जुनी पुस्तकं ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-स्वरूपात मिळतात. इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी १९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-ग्रंथालयात त्यांची खाणच आहे. ती ‘सेंड टू किंडल’ या अॅमेझॉनच्या फाइल पाठवायच्या सोयीतून यंत्रावर घेता येतात आणि मूळ फाइल आपल्याकडेच राहते.

यावर सगळंच वाचून होतं असंही नाही. कथा, पत्रं, प्रवासवर्णनं, छोट्या प्रकरणांच्या कादंबऱ्या तुकड्यांत छान चालतात. तत्त्वज्ञानाचं किंवा दाट इतिहासाचं पुस्तक दहा-दहा मिनिटांत डोक्यात शिरत नाही. त्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी नवऱ्याकडे मुलगी देऊन दार लावून बसते. तसा वेळ मागून घ्यावाच लागतो, तो कुठलंही यंत्र देत नाही.

तरीही तुकड्यांचा हिशेब मांडून बघा. दिवसभरात जमून अर्धा तास झाला आणि त्यात वीस पानं झाली, तर वर्षाला ७,३०० पानं. म्हणजे तीनशे पानांची चोवीस पुस्तकं. आकड्यांत काम करणारी बाई म्हणून सांगते, यात कुठेही ओढाताण केलेली नाही. एक पथ्य मात्र पाळा: हातातलं पुस्तक संपायच्या आत पुढचं उतरवून ठेवा. संपल्यावर ‘आता काय’ म्हणून शोधत बसलं की आठवडा निघून जातो.

घ्यायचं असेल तर नवंच हवं असं नाही. कुणी वापरलेलं देत असेल तर चालेल, पण २०२१चं किंवा त्यानंतरचं बघा. त्याआधीच्या पेपरव्हाइटमध्ये पिवळसर उजेडाची सोय नाही आणि चार्जिंगलाही जुनी मायक्रो यूएसबीची पिन लागते. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत उजेड सर्वांत कमी करून पाहा, कडेला डाग किंवा पट्टे दिसतात का ते तपासा, आणि आधीच्या मालकाने त्याचं खातं यंत्रावरून काढलंय ना, याची खात्री करून घ्या.